होप अँड अँकर, अप्पर स्ट्रीट, लंडन – तळघरात गिग (बँडचा लाइव्ह कार्यक्रम) ऐकायला जाणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

लंडनला येणारे आपल्याकडचे लोक म्युझिकचं म्हणून काय बघायचं असं विचारतात तेव्हा बहुतेकांना बीटल्समुळे गाजलेलं ॲबी रोडचं झेब्रा क्रॉसिंग सांगितलं जातं, ते जातात, फोटो काढतात, परत येतात, झालं. मी विचारणाऱ्याला इझलिंग्टनला पाठवते. अप्पर स्ट्रीटवर २०७ नंबरला होप अँड अँकर नावाचा पब आहे, कोपऱ्यावरची व्हिक्टोरियन इमारत, १८८० ची, आणि तिच्या तळघरात गेली पन्नास वर्षं बँड वाजवतायत (मध्ये बंद पडायच्या वेळा आल्या, पण पुन्हा सुरू झालं). एवढ्याशा खोलीतून जे लोक पुढे गेले त्यांची यादी वाचली तर विश्वास बसत नाही. पण मला हा पब आवडायचं कारण ती यादी नाहीये, ते पुढे सांगते, आधी जागेबद्दल.

हायबरी अँड इझलिंग्टन स्टेशनला उतरायचं आणि एंजलच्या दिशेने अप्पर स्ट्रीटवर सरळ चालत यायचं, पाच-सात मिनिटांत डाव्या-उजव्या बाजूला बघत बघत पोचता. हा रस्ता आता एकदम पॉश आहे, दर दोन दुकानांमागे एक रेस्टॉरंट, प्रॅममध्ये बाळं, महागडी चीजची दुकानं. ७० च्या दशकात इझलिंग्टन असं नव्हतं, जुनी पडकी घरं, स्वस्त भाड्याच्या खोल्या, रिकाम्या घरांत बिनपरवानगी घुसून राहणारे (स्क्वॉट करणारे) विद्यार्थी आणि कलाकार, आणि त्यांच्याकडे पैसे नसायचे पण संध्याकाळी वेळ भरपूर असायचा. हे डोक्यात ठेवलं की इथे जे घडलं ते का घडलं ते जास्त कळतं.

आत तीन वेगळी जगं आहेत. सगळ्यात वर छोटं थिएटर, होप थिएटर, २०१३ पासून आहे, पन्नासेक खुर्च्या, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं कारण सुरुवातीपासून त्यांनी कलाकारांच्या युनियनशी करार करून नटांना पैसे द्यायचं ठरवलं, पबवरच्या थिएटरांत हे सरसकट होत नाही. मध्ये नेहमीचा बार, लाकूड, काच, मोठ्या खिडक्या, शनिवारी फुटबॉलवाली गर्दी. आणि खाली, अरुंद जिना उतरून, तळघर.

तळघर म्हणजे खरंच तळघर हं, बेसमेंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर मॉलचं पार्किंग येतं तसं नाही. छत एवढं खाली की उंच गिटारिस्ट गिटारची मान वर करायच्या आधी एकदा वर बघून घेतो. स्टेज म्हणजे जमिनीपासून जेमतेम उचललेला कोपरा. पहिल्या रांगेत उभं राहिलात तर मॉनिटर स्पीकर तुमच्या पायाशी आणि गायकाच्या मायक्रोफोनचा स्टँड हाताच्या अंतरावर. ड्रमवरच्या सिम्बलचा आवाज पीएमधून, म्हणजे मोठ्या स्पीकरमधून येत नाही, सरळ सिम्बलमधून येतो. बेस वाजायला लागला की छातीत कळतो. बँडला स्टेजवरून जायला वेगळा रस्ता नाही, सेट संपला की ते तुमच्यातूनच वाट काढत अँप उचलून जातात आणि मग त्यांच्याशी बोलता येतं, आणि ते बोलतात, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं की मागे ऐकू येत होतं का.

आता इतिहास. तो सांगितल्याशिवाय या जागेचा रिव्ह्यू अर्धवट राहील.

१९७० च्या आसपास रॉक खूप मोठं झालं होतं. मोठी स्टेडियम, ट्रकभर सामान, वीस-वीस मिनिटांचे सोलो, आणि तिकिटं अशी की कामगार वस्तीतला मुलगा महिन्यातून एकदाही जाऊ शकणार नाही. दुसरीकडे लंडनच्या पबांमध्ये मागच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या. १९७१ मध्ये एग्ज ओव्हर ईझी नावाचा अमेरिकन बँड लंडनमध्ये रेकॉर्डिंगसाठी आलेला होता, त्यांचं काम अडकलं, आणि त्यांनी केंटिश टाउनमधल्या टॅली हो नावाच्या पबमध्ये जाऊन आम्हाला वाजवू द्या म्हणून विचारलं. तो पब जॅझचा होता. त्यांना आठवड्यातली एक मंद रात्र मिळाली, आणि हळूहळू गर्दी व्हायला लागली, कारण लोकांना खूप दिवसांनी असं म्युझिक ऐकायला मिळालं ज्यात तीन-चार मिनिटांचं गाणं होतं, नाचता येत होतं आणि हातात बियर होती. ब्रिन्झ्ली श्वॉर्त्स नावाच्या बँडने ते ऐकलं आणि तेही पबमध्ये वाजवायला लागले, मग बीज मेक हनी, मग डक्स डिलक्स, आणि दोन-तीन वर्षांत लंडनभर पबांचं एक सर्किट तयार झालं, त्याला नाव पडलं पब रॉक. टॅली हो आता नाहीये, पाडला.

होप अँड अँकर या सर्किटचं केंद्र झालं ते दोन माणसांमुळे. पब चालवणारा फ्रेड ग्रेंजर आणि डेव्ह रॉबिन्सन नावाचा आयरिश मॅनेजर. या रॉबिन्सनची आधीची गोष्ट माहीत असणं गरजेचं आहे. तो ब्रिन्झ्ली श्वॉर्त्सचा मॅनेजर होता आणि १९७० मध्ये त्याने बँड फेमस करायला इंग्लंडमधल्या पत्रकारांचं अख्खं विमान भरून न्यूयॉर्कला फिलमोर ईस्टमध्ये शो बघायला नेलं होतं. विमान रखडलं, पत्रकार पिऊन आणि दमून पोचले, बँडची नीट तयारी नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे धुलाई झाली. म्हणजे मोठा झगमगाट करून बँड उभा करता येत नाही हे या माणसाला सगळ्यात महागात पडून कळलेलं होतं. त्याने होप अँड अँकरच्या वरच्या मजल्यावर आठ ट्रॅकचा स्टुडिओ बांधला. खाली बँड वाजवतोय, वर रेकॉर्डिंगची सोय. नुसता विचार करा, ज्या पोरांना कुठल्याही रेकॉर्ड कंपनीने दारात उभं केलं नसतं त्यांना एकाच इमारतीत ऐकणारे लोकही मिळाले आणि डेमो टेपही मिळाली.

तिथे वाजवणारे कोण होते बघा. कॅन्व्ही आयलंडहून येणारे डॉक्टर फीलगुड, त्यांचा गिटारिस्ट विल्को जॉन्सन पिक न वापरता नुसत्या बोटांनी तारा छेडायचा आणि स्टेजवर डोळे वटारून पुढेमागे झपाझप चालायचा, होपच्या तळघरात हे दोन फुटांवरून बघणं कसं असेल याची मी नेहमी कल्पना करते. किलबर्न अँड द हाय रोड्स, म्हणजे इयान ड्युरीचा बँड, लहानपणी पोलिओ झालेला, काठी घेऊन उभा राहणारा आणि लंडनच्या रस्त्यावरच्या भाषेत गाणी लिहिणारा माणूस. फ्लिप सिटी नावाच्या बँडमधला चष्मेवाला मुलगा, जो पुढे एल्विस कॉस्टेलो झाला. ग्रॅहम पार्कर. मग १९७६ मध्ये रॉबिन्सन आणि जेक रिव्हिएरा यांनी स्टिफ रेकॉर्ड्स नावाचं लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, सुरू केलं, डॉक्टर फीलगुडचा गायक ली ब्रिलो याने उसने दिलेले ४०० पाउंड हे भांडवल. पहिली सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) निक लोची, जो ब्रिन्झ्ली श्वॉर्त्समध्ये होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच लेबलने द डॅम्ड या बँडची सिंगल काढली आणि ती ब्रिटनमधली पहिली पंक (म्हणजे आखूड, वेगवान, रागीट रॉकची) सिंगल मानली जाते. म्हणजे पंक आकाशातून पडलं असं जे लोक सांगतात ते मला पटत नाही. पंकवाल्यांना वाजवायला जागा, लहान लेबल, लहान खोलीत आवाज लावायची रीत, हे सगळं पबवाल्यांनी आधीच तयार करून ठेवलं होतं. पंकवाल्यांनी त्यांना म्हातारे म्हणून हिणवलं, ते वय तसं असतं, पण वाजवायला गेले त्यांच्याच तळघरात.

या सगळ्याचं आर्थिक गणितही समजून घ्यायला हवं कारण आजही साधारण तेच आहे. पबला पैसे मिळतात बियरमधून. बँड लोक आणतो, लोक पितात, पबचा एरवीचा मंद सोमवार-मंगळवार भरतो, आणि बँडला दारावर जमा झालेले पैसे नाहीतर ठरलेली छोटी रक्कम मिळते. यात कोणी श्रीमंत होत नाही. पण यात एक मोठी गोष्ट होते, ती म्हणजे पब चालवणाऱ्याला दर आठवड्याला नवीन बँड लागतात, त्यामुळे अनोळखी बँडला नाही म्हणायचं त्याला परवडत नाही. आणि त्या वेळच्या कायद्याने लंडनचे पब रात्री अकराला बंद व्हायचे, रविवारी तर साडेदहालाच, त्यामुळे सेट आखूड, गाणी आखूड, लांबण नाही. पंकची गाणी दोन-अडीच मिनिटांची का हे बाकी कारणांइतकंच या घड्याळातही शोधायला हवं असं माझं मत आहे.

मग आला १९७७ चा फ्रंट रो फेस्टिव्हल. २२ नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, तीन आठवडे, याच तळघरात. पहिल्या रात्री द स्ट्रँगलर्स. तोपर्यंत ते चांगलेच मोठे झाले होते, त्या वर्षी त्यांचे दोन अल्बम चार्टमध्ये वर गेलेले, मोठ्या हॉलमध्ये तिकिटं संपवणारा बँड, आणि तरी ते आपल्या जुन्या तळघरात वाजवायला आले. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नंतर १९९२ मध्ये स्वतंत्र अल्बम म्हणून निघालं, ऐका नक्की, खोली किती लहान आहे ते आवाजातच कळतं, टाळ्या लांबून येत नाहीत, कानाशी येतात. फेस्टिव्हलमधल्या निवडक गाण्यांचा डबल अल्बम १९७८ मध्ये आला. त्यात एक्सटीसी आहेत, ९९९ आहेत, द ओन्ली वन्स आहेत, ऑस्ट्रेलियाचे द सेंट्स आहेत, विल्को जॉन्सन आहे, आणि डायर स्ट्रेट्स आहेत, ज्यांचा तेव्हा एकही अल्बम आलेला नव्हता. आपल्याकडे ८० च्या दशकात ज्यांच्या घरी वॉकमन होता त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे डायर स्ट्रेट्सची कॅसेट असायची, माझ्या मामाकडे होती, ती कॅसेट ऐकणाऱ्या आपल्या लोकांना मी या पबची गोष्ट सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात.

त्याच फेस्टिव्हलच्या यादीत अजून दोन नावं आहेत जी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एक स्टील पल्स, बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधले, कॅरिबियन आईबापांची पोरं, रेगे वाजवणारी. दुसरं एक्स-रे स्पेक्स, त्यांची गायिका पॉली स्टायरीन, वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश, दातांना ब्रेसेस लावून स्टेजवर किंचाळणारी मुलगी. १९७७ सालचं लंडन म्हणजे नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी, स्थलांतरितांच्या विरोधातल्या पक्षाचे मोर्चे निघत होते तो काळ. पबमधलं म्युझिक म्हटलं की सगळे प्रेमाने गळ्यात गळे घालायचे असं चित्र मला कोणाला द्यायचं नाहीये. चारच वर्षांनी, ३ जुलै १९८१ ला, साउथॉलमध्ये हॅमब्रो टॅव्हर्न नावाच्या पबमध्ये ऑय (पंकचाच एक आडदांड प्रकार) बँडांचा गिग ठेवला, बाहेरून बसेस भरून स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेली गोरी पोरं, आले, रस्त्यावर आपल्या देशी लोकांच्या दुकानांच्या काचा फोडल्या, आणि साउथॉलची एशियन पोरं रस्त्यावर उतरली, तो पब त्या रात्री जळाला. माझ्या ऑफिसमधले एक वयस्क पंजाबी सहकारी तिथेच वाढले, ते आजही अनोळखी पबमध्ये शिरताना दारात क्षणभर थांबतात. तेव्हा कुठल्या खोलीत कोणाला स्टेजवर बोलावलं गेलं ही साधी गोष्ट नव्हती, आणि होप अँड अँकरने १९७७ मध्ये स्टील पल्सला आणि पॉली स्टायरीनला बोलावलं, याचं मोल मी डायर स्ट्रेट्सपेक्षा जास्त मानते.

आणि आता ते, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले.

२७ डिसेंबर १९७८. ख्रिसमसनंतरचा दुसरा दिवस, थंडी, लंडन रिकामं. मँचेस्टरहून एक बँड गाडीत सामान भरून आला, लंडनमधला त्यांचा पहिलाच गिग, होप अँड अँकरच्या तळघरात. बँडचं नाव जॉय डिव्हिजन. ऐकायला तीसेक माणसं. गिटारिस्टला फ्लू झालेला. परत जाताना गाडीत गायक इयान कर्टिसला फिट आली, त्याच्या एपिलेप्सीची सुरुवात म्हणून जी सांगतात ती हीच. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि पुढे दीड वर्षही जगला नाही. आज जगभर ज्या बँडचे टी-शर्ट विकले जातात, पुण्यात एफसी रोडवरसुद्धा टांगलेले दिसतात, त्या बँडला लंडनने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीस लोक होते.

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये डब्लिनहून चार पोरं आली, लंडनमध्ये दोन आठवडे मिळेल तिथे वाजवायला. होपमध्ये त्यांना ऐकायला नऊ माणसं होती असं सांगतात. मधेच गिटारची तार तुटली आणि सेट कोलमडला. बँड यू-टू.

नऊ माणसं! मला या नऊ माणसांबद्दल फार माया वाटते. कारण त्या पोरांनी त्या रात्री चांगलं वाजवलं नाही, आणि तसं न वाजवायलासुद्धा एक जागा लागते, जिथे तार तुटली तर करिअर संपत नाही, फक्त एक मंगळवार वाया जातो. मोठ्या हॉलमध्ये ही सोय नसते, टीव्हीच्या स्पर्धेत तर नसतेच, तिथे पोराने एकदा सूर सोडला की जज चेहरा करतो आणि ते क्लिप होऊन वर्षभर फिरतं. कुठल्याही शहरात म्युझिक तयार व्हायचं असेल तर अशा जागा लागतात जिथे वाईट वाजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवता येतं, आणि होप अँड अँकर ही पन्नास वर्षं तशी जागा आहे. म्हणून इथे इतिहास बघायला जाऊ नका, आज रात्री जो अनोळखी बँड आहे त्याला ऐकायला जा. तो वाईटही असू शकतो. चालेल.

१९७९ मधला मॅडनेसचा वन स्टेप बियॉन्डचा व्हिडिओ मात्र जायच्या आधी बघून घ्या, तो याच पबमध्ये शूट झालाय, कॅमडेनची ती सात उडाणटप्पू पोरं कशी नाचतात बघा. मॅडनेसचा स्वतःचा घरचा पब म्हणजे कॅमडेनमधला डब्लिन कॅसल, पार्कवेवर, तोही अजून चालू आहे आणि तिथेही मागच्या खोलीत बँड वाजवतात, त्याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता असे पब टिकतात कसे आणि जातात कशाने, हे थोडक्यात पण सांगते, कारण इथले लोकही विसरतात. इंग्लंडमध्ये पूर्वी नियम होता की दोन वादक असतील तर पबला म्युझिकचं वेगळं लायसन्स लागत नाही, तिसरा आला की लागतं. २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टने तो काढला, २००५ मध्ये कायदा लागू झाला आणि मग एकट्या गिटारवाल्यालाही परवानगी हवी असं झालं, छोट्या पबांनी कागदपत्रांना कंटाळून म्युझिक बंदच केलं. त्यावर बरीच वर्षं भांडण झालं आणि लाइव्ह म्युझिक ॲक्ट २०१२ आला, दारूचं लायसन्स असलेल्या जागी सकाळी आठ ते रात्री अकरा, २०० लोकांपर्यंत, वेगळी परवानगी नको, २०१५ मध्ये २०० चे ५०० केले. पण तोपर्यंत बरंच गेलं होतं. लंडनच्या महापौरांच्या कार्यालयाने काढलेला आकडा आहे, २००७ मध्ये शहरात अशा छोट्या म्युझिकच्या जागा १३६ होत्या, २०१५ पर्यंत ८८ उरल्या. भाडी वाढली, शेजारी महागडे फ्लॅट आले, फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांना आवाजाचा त्रास झाला, तक्रारी गेल्या, पब बंद. आता निदान नियम असा केलाय की जो नवीन बांधकाम करेल त्याने आवाज अडवायचा खर्च करायचा, आधीपासून असलेल्या पबने नाही. आणि २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायला परवानगी घ्यावी लागते. होपची इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे म्हणजे ती वारसा म्हणून जपलेली आहे, पण त्यामुळे भिंती वाचतात, भिंतीच्या आत रोज रात्री बँड वाजवतील याची हमी कुठलंच लिस्टिंग देत नाही. ती हमी तिकीट काढणारे देतात.

हे वाचताना मुंबईकरांना धोबी तलावचं रंगभवन आठवेल. जॅझ यात्रा तिथे, इंडिपेंडन्स रॉक तिथे, उघड्यावर, लोकलने येऊन परत लोकलने जाता येईल अशी जागा. आजूबाजूला हॉस्पिटल, कोर्ट, कॉलेज, सायलेन्स झोन लागला आणि कार्यक्रम बंद झाले. हॉस्पिटलच्या पेशंटला शांतता हवी हे शंभर टक्के मान्य, त्यात वादच नाही. पण एक जागा बंद करताना दुसरी कुठे करायची हे कोणी ठरवलं नाही, याचं दुःख मला अजून आहे, आणि मुंबईत बँड करणारी आमची पोरं त्यानंतर महागड्या रेस्टॉरंटच्या मेहेरबानीवर वाजवत राहिली, जिथे टेबलावर बसलेला माणूस वेटरला बोलवायला गायकापेक्षा मोठ्याने ओरडतो.

मागच्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबा मिरजेचे, सतारमेकर गल्लीच्या जवळ वाढलेले, दारू पीत नाहीत, रॉक कधी ऐकलं नाही, पण गाणं-बजावणं म्हटलं की कुठेही येतात. मी विचारलं, बाबा, चला येता का, आवाज मोठा असेल. म्हणाले, "असू दे की, कान आहेत अजून." इअरप्लग दिले, लिंबू-सोडा घेतला आणि खाली गेलो. तीन पोरं आणि ड्रमवर एक मुलगी, कोणीतरी ब्रिस्टलहून आलेले. बाबा सरळ पुढे जाऊन ड्रमच्या बाजूला उभे राहिले आणि दुसऱ्या गाण्यापासून त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. चौथ्या-पाचव्या गाण्यात गिटारिस्टची वरची तार तुटली. गायकाने काहीबाही बोलून वेळ काढायला सुरुवात केली, आणि आधी वाजवून गेलेल्या सपोर्ट बँडमधला मुलगा गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने न बोलता स्वतःची गिटार पुढे केली. मुलीने तोपर्यंत नुसत्या किक ड्रमवर लय धरून ठेवली होती, ती सोडलीच नाही, आणि गिटारवाल्याने पट्टा खांद्यावर टाकून बरोबर समेवर उचललं. बाबांच्या तोंडून मोठ्याने "क्या बात है" निघालं. शेजारी उभ्या असलेल्या टॅटूवाल्या बाईने त्यांच्याकडे बघून ग्लास उंचावला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "अगं, हे आपल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या सभेसारखंच की. उस्ताद इथं आणि आपण इथं. लपायला जागा नाही कुणाला." मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, तिथे बाबा लहानपणापासून रात्र रात्र बसलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून हे म्हणजे फार मोठं सर्टिफिकेट आहे.

आता कामाच्या गोष्टी. गिग असतोच असं धरून जाऊ नका, आधी बघून घ्या कोण आहे, तीन-चार बँड एका रात्रीत असतील तर पहिल्या बँडला वेळेवर पोचा, सगळे मुख्य बँडसाठी उशिरा येतात आणि पहिली पोरं रिकाम्या खोलीला वाजवतात. तिकीट बहुतेक वेळा लंडनमधल्या सिनेमाच्या तिकिटाएवढं किंवा त्याहून कमी असतं. ड्रिंक घ्यायलाच पाहिजे अशी कोणी जबरदस्ती करत नाही पण एखादं तरी घ्या, लिंबू-सोडा घ्या, कारण ही खोली त्याच्यावर चालते हे वर सांगितलंच. जेवण मात्र मी इथे करत नाही, माझी सवय अशी की अप्पर स्ट्रीटवर आधी पोटभर खाऊन घ्यायचं, टर्किश खाणं चांगलं मिळतं आणि व्हेज लोकांची आबाळ होत नाही.

उभं कुठे राहायचं? आवाज नीट मिळून ऐकायचा असेल तर मागे, साउंड डेस्कच्या जवळ, कुठल्याही छोट्या जागेत हे लागू पडतं, कारण साउंडवाला स्वतःला जे ऐकू येतं तेच मिक्स करतो. पण वाजवणाऱ्याची बोटं बघायची असतील तर पुढे, आणि मग इअरप्लग घालाच, केमिस्टकडे मिळतात, पुढे आयुष्यभर गाणं ऐकायचं असेल तर कान सांभाळा. जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर हात धरून उतरवा, व्हीलचेअरवाल्यांनी जायच्या आधी पबला विचारून घ्यावं. कोट-जॅकेट कमीत कमी न्या, खाली तासाभरात घाम फुटतो. मी एकटीही जाते आणि इतर पबमध्ये जसं उगाच कोणीतरी येऊन गप्पा मारायला बघतं तसं तळघरात होत नाही, सगळ्यांची तोंडं स्टेजकडे असतात.

बँडच्या टेबलावर टी-शर्ट, सीडी, कधीकधी घरी छापलेले स्टिकर असतात, आवडलं तर घ्या, ते पैसे थेट त्यांच्या पेट्रोलला जातात. परतीसाठी शुक्रवार-शनिवारी व्हिक्टोरिया लाइन रात्रभर चालू असते, बाकीच्या दिवशी शेवटची ट्रेन चुकली तर ४३ नंबरची बस अप्पर स्ट्रीटवरूनच जाते, स्टॉप पबपासून दोन मिनिटांवर.